बादलीतल्या चिंध्या

लाकडाला तेल-पॉलिश मारण्यात वीसेक वर्षं गेली, तरी त्या दिवशी मी शिकाऊ पोरासारखी चूक केली. डेक, म्हणजे घराबाहेरचा लाकडी फळ्यांचा ओटा, नवाकोरा, प्रेशर ट्रीटेड पाईनचा, बसवून दोन महिने झालेले. या लाकडात औषध पाण्यात मिसळून दाबाने घुसवतात ना, त्यामुळे फळ्या येतात तेव्हाच आतून चिंब असतात आणि लगेच सिलर, म्हणजे लाकडात मुरून पाणी अडवणारं तेल, मारला तर त्याला आत शिरायला जागाच नसते. म्हणून मी आधी पाण्याचे थेंब टाकून बघतो. थेंब मण्यासारखा वर बसून राहिला की सामान उचलून घरी, फळीने पिऊन टाकला की काम सुरू. इथे मधल्या फळीवर टाकला, मिनिटभरात गायब. झालं, मी खूश.

मालक काका आधी क्लिअर कोटच पाहिजे म्हणत होते, लाकडाचा ओरिजिनल रंग झाकायचा नाही म्हणून. त्यांना म्हटलं, काका, रंग राखायचाय म्हणूनच क्लिअर नको, उन्हाला अडवतो तो तेलात मिसळलेला रंगच, नुसत्या पारदर्शक तेलाखाली लाकूड करडं पडत जातं. शेवटी हलका तपकिरी स्टेन, म्हणजे रंग मिसळलेलं जवसाचं तेल, ठरला, रेषा दिसतील असा. (वार्निशचा विषय मी काढूच दिला नाही, पायाखालच्या लाकडावर पापडी धरणारी गोष्ट मारायचीच कशाला, एकदा सुटायला लागली की सगळी खरवडत बसा.)

80 नंबरचा सँडपेपर फिरवला. त्याहून बारीक घेतला तर लाकूड गुळगुळीत होतं पण तेल कमी पितं. धूळ काढली, ऊन चढायच्या आत ब्रश धरला. फळ्यांची कापलेली टोकं नेहमीप्रमाणे हावरट, तीनदा पाजलं तरी कोरडीच. सगळं मस्त चाललेलं, आणि मग भिंतीकडेच्या चार फळ्या आल्या, ज्यांच्यावर दिवसभर सावली असते. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, तेल आपलं वर चकाकतंय. बोट लावलं तर चिकट. तेव्हा कुठे गाडीतला मीटर आणायची अक्कल सुचली, मधल्या फळीत ओल 13 टक्के आणि इथे 24! थेंब टाकायचा तो मी फक्त उन्हातल्या फळीवर टाकला होता.

तेल तसंच सोडलं तर चिकट थर होऊन बसतो, त्यात धूळ, पाचोळा, पावलांचे ठसे. मग मी आणि पोऱ्या गुडघ्यावर बसून टर्पेंटाईन लावून पुसत सुटलो, चिंध्यांवर चिंध्या. पोऱ्या त्या चुरगाळून कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या बादलीत कोंबत होता. मी बघत होतो, घाईत बोललो नाही, ही दुसरी चूक.

जेवून आलो तर जळकट वास. धूर नाही, काही नाही, नुसता वास. बादलीत हात घातला तर वरच्या चिंध्या गार, आणि आत मधे इतकं गरम की हात झटकन बाहेर काढला. जवसाचं तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्यात उष्णता तयार होते, पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते, गोळ्यात कोंडून राहते आणि वाढत जाते. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. बादली लाकडी भिंतीला टेकवलेली. ती उचलून मोकळ्या जागेत नेली आणि पाण्याने भरून टाकली, पोऱ्याचं तोंड पांढरं पडलेलं, माझंही असणार.

आता माझ्या सामानात झाकणाचा पत्र्याचा डबा असतो, अर्धा पाण्याने भरलेला, तेलकट फडकं हातातून सुटलं की त्यातच. त्या चार फळ्यांना तीन आठवड्यांनी परत जाऊन तेल मारलं, तेव्हा थेंब चारही फळ्यांवर टाकून बघितला. रंग बाकीच्यांपेक्षा जरासा गडद आलाय. काका म्हणतात सावलीमुळे तसं दिसतं. मी काही बोललो नाही.