फॅटी लिव्हर निघालं आणि तपासणी किडनीची झाली

पोट दुखत होतं म्हणून सोनोग्राफी केली. दुखणं आपोआप थांबलं, पण रिपोर्टच्या शेवटी ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असं लिहून आलं. ज्याला दाखवला त्याचं एकच म्हणणं, “अहो, हे हल्ली सगळ्यांनाच असतं!”

फिजिशियन मॅडमनी रिपोर्ट पाहिला, बीपी मोजलं (थोडं जास्तच होतं) आणि तपासण्या लिहून दिल्या. त्यात लिव्हरची एन्झाइम्स आणि साखर होती, ते कळलं. पण क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) आणि युरिन एसीआर (लघवीतल्या प्रोटीनची तपासणी) कशाला? दुखणं लिव्हरचं आणि तपासायची किडनी, हे काही पटेना, म्हणून विचारलंच.

त्यांनी सांगितलं ते असं. लिव्हरमध्ये चरबी साठते तेव्हा बहुतेकदा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसतं. सोबत पोटाचा घेर, बीपी, साखर, ट्रायग्लिसराइड्स यांतलं काही ना काही असतंच, आणि हीच मंडळी किडनीच्या बारीक गाळण्यांनाही छळतात. शिवाय चरबीने सुजलेलं लिव्हर दाह वाढवणारे पदार्थ रक्तात सोडत राहतं. मोठ्या अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा फॅटी लिव्हर असलेल्यांत क्रॉनिक किडनी डिसीजचा (सीकेडी, म्हणजे किडनीचा दीर्घकाळ टिकणारा बिघाड) धोका इतरांच्या जवळजवळ दीडपट दिसला. यात लिव्हरचा स्वतःचा वाटा किती आणि या सोबत्यांचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. मला ते आवडलं. उगाच घाबरवणं नाही आणि उडवून लावणंही नाही.

रिपोर्ट आले. क्रिएटिनिन १.१, त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, ८३. एवढंच पाहिलं असतं तर किडनी उत्तम म्हणून फाइल बंद झाली असती. पण एसीआर आला ५८. लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रोटीनचं क्रिएटिनिनशी असलेलं हे प्रमाण ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत हवं. गाळणीतून प्रोटीन झिरपायला लागतं ते पुष्कळदा क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी, आणि त्या काळात माणसाला काहीही जाणवत नाही. मलाही ना अंगावर सूज होती ना लघवीला फेस.

मात्र एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत. ताप, लघवीचं इन्फेक्शन, आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम, यांनीही एसीआर तात्पुरता वाढतो. बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकला तरच क्रॉनिक म्हणायचं. हे थांबणं मला सगळ्यात जड गेलं. रात्री मोबाइलवर डायलिसिसबद्दल वाचत बसायचो. त्याचा उपयोग शून्य. मधल्या काळात लिव्हरचा हिशोब झाला. वय, दोन एन्झाइम्स आणि प्लेटलेट्स यांवरून फिब-४ नावाचा आकडा काढतात. माझा १.३ च्या खाली आला, म्हणजे लिव्हर कडक होत असण्याची शक्यता कमी. लिव्हरचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन सध्या नको.

पुन्हा सकाळची पहिली लघवी दिली. एसीआर तिशीच्या वरच. मग नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर. त्यांनी बीपीसाठी एआरबी गटातली गोळी दिली. ती लघवीतलं प्रोटीनही कमी करते. सुरू केल्यावर काही आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन परत तपासायला लावलं, ते टाळायचं नसतं. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरलं तर लिव्हरची सूजही उतरू शकते. गुडघ्यासाठी अधूनमधून घ्यायचो त्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या बंद. एका हितचिंतकाने ‘लिव्हर साफ करणारं’ सिरप आणून दिलं होतं. बाटलीवर आत काय आहे तेच धड लिहिलेलं नव्हतं. नेफ्रॉलॉजिस्टनी ती बाजूला ठेवायला सांगितली.

आता एसीआर ३४ आहे. फाइलवर सीकेडी लिहिलंय, ईजीएफआर मात्र जागेवर आहे.

भावालाही फॅटी लिव्हर आहे, वर साखर. दरवर्षी तो भलंमोठं हेल्थ चेकअप पॅकेज घेतो. त्याची यादी मागवून पाहिली तर क्रिएटिनिन होतं, एसीआर नव्हताच. लॅबला सांगून तो वेगळा जोडून घेतला. पुढच्या आठवड्यात त्याचा रिपोर्ट येईल.