सतरा पंचवीस म्हणजे नक्की कुठे?

नोव्हेंबरातली पहाट. जयगडच्या बाहेर नांगरावर असलेल्या टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, माझं रडारचं काम रात्रभर लांबलं होतं. सव्वासहाच्या सुमारास व्हीएचएफ वायरलेस सेटचा डीएससी अलार्म किंचाळला, म्हणजे कुणीतरी संकटाचं बटण दाबल्यावर आपोआप जाणारा आकडी संदेश आला होता. पडद्यावर 419 ने सुरू होणारा नऊ आकडी एमएमएसआय, म्हणजे सेटचा ओळखक्रमांक. 419 म्हणजे बोट भारतीय. अक्षांश-रेखांशाच्या जागी मात्र नुसते नऊ. सेटला जीपीएसकडून काहीच मिळत नसेल, तर पोझिशनचे दहाही आकडे 9 जातात आणि वेळेचे चारही 8.

अलार्म येतो चॅनल 70 वर, बोलणं होतं 16 वर. तिथे तांडेलाचा, म्हणजे मासेमारी बोटीच्या प्रमुखाचा, आवाज आला: इंजिनखणात पाणी, पंप बंद, सात माणसं, "सतरा पंचवीस, त्र्याहत्तर शून्य दोन." कप्तानाने चार्टवर 17 अंश 25 मिनिटांवर फुली मारली, ती पडली जयगडच्या उत्तरेला, वेळणेश्वरसमोर. तटरक्षक दलाला 1554 वर फोन गेला आणि जवळच्या दोन ट्रॉलरनी उत्तरेकडे तोंड वळवलं.

मला खटकलं ते आकड्यांचं आखूडपण. बोटीवरचा जीपीएस बहुधा मिनिटांच्या पुढे तीन आकडे दाखवतो आणि तांडेल ते सगळे वाचतात. दोनच आकडे म्हणजे मोबाईल. माईक घेऊन म्हटलं, "तांडेल, दिसतंय तसं एकेक आकडा वाचा. टिंब कुठे आहे तेही सांगा." उत्तर आलं, "एक सात टिंब दोन पाच. सात तीन टिंब शून्य दोन."

म्हणजे अंशाचे दशांश. टिंबापुढच्या भागाला 60 ने गुणायचं: 0.25 चे 15 मिनिटं, 0.02 चं 1.2 मिनिट. जागा 17 अंश 15 मिनिटं, 73 अंश 1.2 मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, 1852 मीटर. फुली दहा मैल चुकली होती. आठ नॉटच्या, म्हणजे ताशी आठ सागरी मैल जाणाऱ्या, ट्रॉलरला हे सव्वा तासाचं अंतर, आणि तेही उलट दिशेला.

पडताळायला विचारलं, जयगडचा दिवा कुठे दिसतो? "फटफटतंय त्याच्या डाव्या अंगाला." वेळणेश्वरसमोर असता तर दिवा उजव्या अंगाला दिसला असता. ट्रॉलर मागे फिरले, त्यांच्या पंपाने पाणी उपसलं आणि बोट ओढत आणली.

दुपारी त्या बोटीवर गेलो. सेट चांगला होता, 25 वॉटचा. जीपीएसकडून येणाऱ्या दोन तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली, आत तांबं हिरवं पडून भुगा झालेलं. खाऱ्या हवेत असा जोड फार टिकत नाही. नवीन वायर कथील लावलेली घेतली, जोडाला आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी आकसनळी चढवली. जीपीएसचा 'डेटा आउट' सेटच्या 'डेटा इन'ला, आणि दोन्हीकडे माहिती पाठवण्याचा वेग 4800. एका बाजूला 38400 राहिलं, तर तारा शाबूत असूनही पडदा कोराच राहतो. तपासायला संकटाचं लाल बटण दाबायचं नाही. सेटच्या पडद्यावर पोझिशन आणि वेळ दिसली की झालं.

पण तारा जोडल्या म्हणून तोंडी सांगणं चुकत नाही. डीएससीच्या मूळ संदेशात अंश आणि पूर्ण मिनिटंच जातात, पुढचे दशांश गळतात. 15.9 मिनिटं असली तरी 15 च पोहोचतात, म्हणजे जवळजवळ पावणेदोन किलोमीटरची चूक. अमेरिकेने 2 मे 2000 रोजी नागरी जीपीएसमधला मुद्दाम घातलेला बिघाड काढला. तेव्हापासून उघड्या समुद्रावर पाच-दहा मीटरच्या आत जागा मिळते, आणि ऐन संकटात ती दोन आकड्यांच्या खोक्यात कोंबावी लागते. म्हणून 16 वर 'मेडे' ही संकटाची हाक तीनदा आणि बोटीचं नाव तीनदा म्हटलं की लगेच पोझिशन, मिनिटाच्या तिसऱ्या दशांशापर्यंत. तिसरा आकडा 1.85 मीटरचा, चौथा वाचण्यात वेळ घालवू नये.

आणि आकडे सुटे वाचावेत. खरखरीत पंचवीस आणि पस्तीस, एकोणसाठ आणि एकोणसत्तर वेगळे ऐकू येत नाहीत. आपल्या जोडआकड्यांना वायरलेस मानवत नाही.

बटण झाकण उघडून तीन ते पाच सेकंद दाबून धरायचं, किती ते सेटवर अवलंबून. पोचपावती येईपर्यंत सेट साडेतीन ते साडेचार मिनिटांनी संदेश पुन्हा पाठवतो. घाबरून सेट बंद केला की तेही थांबतं.

तांडेलाच्या मोबाईलवरही अंश-मिनिटं लावायला गेलो, तर त्याच्या ॲपमध्ये ती सोयच नव्हती. मग काचेखाली कागद चिकटवला: टिंबापुढचं गुणिले 60.