तुम्ही विचारलंत म्हणून: मी शनिवारी तिकडे का जाते

‘आपल्या मुली काय कमी आहेत का?’ इथे अमेरिकेत, क्लीव्हलंडच्या सोलन उपनगरात, आपल्या हळदीकुंकवात, पॉटलकमध्ये, लायब्ररीच्या पार्किंगमध्ये हा एकच प्रश्न. मी शनिवारी क्लीव्हलंडच्या ईस्ट साइडला ब्लॅक मुलींच्या केंद्रात गणित शिकवते हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा ते पुन्हा सांगत नाही.

पूर्वी मी म्हणायचे, आपल्या मुलींना कुमॉनचे गणिताचे क्लास आहेत, भरतनाट्यम आहे, शिवाय तुम्ही आहातच. त्यावर लोक गप्प बसतात, पण पटलेलं नसतं. मग ऐका. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन ही शाळा काढली ती अमेरिकेतून आलेल्या पैशांवर. त्यासाठी बॉस्टनला रीतसर संस्था उभी राहिली होती. गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे, त्याच सदनात शिकल्या. वर्गणी देणाऱ्या बायकांनाही शेजारणींनी ‘आपल्या मुली काय कमी आहेत का’ विचारलं असणारच. त्यांचा हेतू धर्माचा होता म्हणाल, तर काहींचा होता. माझा अगदी निर्मळ आहे, असं मी तरी कुठे म्हटलं?

दुसरा प्रश्न, ‘फक्त ब्लॅक मुलींसाठीच का? हा उलटा भेदभाव झाला.’ जेन एडना हंटर नावाची शिकलेली ब्लॅक नर्स 1905 मध्ये क्लीव्हलंडला आली, तेव्हा तिला राहायला धड खोली मिळेना. गोऱ्या मुलींसाठी वायडब्ल्यूसीए या ख्रिस्ती महिला संस्थेचं वसतिगृह होतं, तिथे हिला जागा नव्हती. 1911 मध्ये तिने मैत्रिणींना जमवून आठवड्याला पाच-पाच सेंट गोळा करायला सुरुवात केली. त्यातून ब्लॅक मुलींना निवारा देणारी फिलिस व्हीटली असोसिएशन उभी राहिली आणि 1927 मध्ये तिची नऊ मजली इमारत झाली. शारदा सदन मुख्यतः विधवांसाठी होतं म्हणून सधवांनी भेदभावाची तक्रार केल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता गुरुवारची गोष्ट, जी मीच तुम्हाला सांगितली होती.

केंद्रात गुरुवारी संध्याकाळी गरोदर बायका आणि नव्या आया गोल करून बसतात, बरोबर एक डूला, म्हणजे बाळंतपणात सोबत करणारी बाई, असते. 2023 मध्ये या देशात दर लाख जन्मांमागे 50 ब्लॅक माता दगावल्या, गोऱ्या साधारण 14. तेव्हा तिथे काय बोललं जातं, हे सांगायला नको. माझ्या बाळंतपणात नर्सने माझं दुखणं ‘होतं असं’ म्हणून उडवून लावलं होतं. मलाही बोलायचं होतं. शंकरपाळ्यांचा डबा घेऊन गेले. केंद्र चालवणाऱ्या बाई दारात आडव्या आल्या, हसून म्हणाल्या, ‘या खोलीत नाही, हनी.’ डबा घेतला आणि माझ्या हातात कुणाचं तरी रडणारं बाळ दिलं. शेजारच्या खोलीत त्याला थोपटत बसले. भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज, मग बराच वेळ काहीच नाही, मग कुणीतरी हमसून रडलेलं. परतताना 422 हायवेवर मी गाडीत एकटीच भांडत होते. इतकी वर्षं भागाकार शिकवला, माझाही रंग सावळाच, दुकानात माझ्याही मागे मागे फिरतात!

त्या दिवशीच्या मला आजची मी विचारते, बाई गं, सोलनमध्ये घर घेताना तुला कुणी अडवलं? ती म्हणते, नाही, पण टाक्यांचं दुखणं माझंही खरंच होतं. यावर मी निरुत्तर होते. पुढच्या शनिवारी एक विद्यार्थिनी वहीतून मान वर न करता म्हणाली, ‘माझी मावशी परवा बोलली. तुम्ही असता तर नसती बोलली.’ पटलं का? अर्धं. उरलेलं अर्धं अजून सलतं. गुरुवारी बाळं सांभाळायला जाते, तेही कधी मनापासून, कधी कुरकुरत.

ही गोष्ट सांगितल्यापासून तुमच्या हाती आयतंच कोलीत मिळालंय. ‘त्यांनाच तुम्ही नको आहात, मग जाता कशाला?’ कारण शनिवारी त्या पोरींना मी हवी असते, निदान अपूर्णांक संपेपर्यंत तरी. आणि खरं सांगू? हा प्रश्न विचारताना तुमच्या आवाजात जो आनंद असतो, तो मला त्या दारापेक्षा जास्त लागतो.