राजमा शिजेना तेव्हा

साडेतीन तास झाले तरी राजमा दाताखाली टचकन लागत होता. रात्रभर भिजवला होता, पाणी भरपूर होतं, आचही बेताची होती. नव्या देशात येऊन मला दीड महिना झाला होता आणि त्या रविवारी मी पहिल्यांदाच फक्त स्वतःसाठी, ठरवून, सकाळपासून काहीतरी शिजत घातलं होतं. तोवरचे दिवस तयार पाकिटांवर काढलेले. वरच्या कागदाला भोकं पाडायची, चार मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं आणि ओट्यापाशी उभ्यानेच संपवायचं. पोट भरायचं, पण जेवल्यासारखं वाटायचं नाही.

शेजारच्या आजी काही कामाने दाराशी आल्या होत्या. आमची भाषा जेमतेम जुळायची. त्यांनी भांड्यात डोकावून पाहिलं, एक दाणा बोटांत चिरडून बघितला आणि माझी किटली उचलून तिच्या तळाकडे बोट दाखवलं. तिथे पांढरट, खरखरीत थर बसला होता. मी तो रोज बघत होते.

हे शहर चुनखडीच्या जमिनीवर वसलंय. पावसाचं पाणी त्या खडकातून झिरपतं, येताना कॅल्शियम घेऊन येतं आणि तेच आमच्या नळाला येतं. असल्या जड पाण्यातला कॅल्शियम दाण्यातल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या द्रव्याला, घट्ट धरून ठेवतो, मग तासन्‌तास उकळूनही दाणा मऊ पडत नाही. त्यात मी टोमॅटो सुरुवातीलाच घातले होते. आंबटपणानेही कडधान्य शिजायला वेळ लागतो. आजींनी चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला आणि झाकण ठेवलं. अर्ध्या तासाने दाणा चमच्याच्या पाठीने सहज दबला. (राजमा पहिल्यांदा किमान 10 मिनिटं खळखळून उकळायलाच हवा, हे मात्र विसरू नका. कच्च्या दाण्यातल्या एका द्रव्याने पोट वाईट बिघडतं, आणि नुसत्या मंद आचेवर ते जात नाही.)

आल्यापासून मी इथले पूल पाहिले होते, वस्तुसंग्रहालयं पाहिली होती, नदीकाठाने मैलोन्‌मैल चालले होते. पण पायाखालची जमीन कसली आहे हे मला त्या पातेल्याने सांगितलं. राजम्यात टोमॅटोखेरीज मीठ, कांदा आणि लसूण, एवढंच होतं. मी दोनदा वाढून घेतला, तेही बसून.

तेव्हापासून रोज संध्याकाळी काहीतरी शिजू लागलं. साधंच असतं. मसूर, कारण तो न भिजवताही 20-25 मिनिटांत होतो. उकडलेले बटाटे. भात. इथली शेगडी विजेची आहे, बंद केली तरी तिची तबकडी बराच वेळ तापलेली राहते. म्हणून भाताखालची आच मी पाच मिनिटं आधीच बंद करते आणि उरलेलं काम त्या ऊबेवर सोडते.

सगळ्यात जीव जडला तो कांद्यावर. पाककृतीत लिहितात, ‘पाच मिनिटांत बदामी होईल.’ होत नाही. कांद्यात पाणी असतं आणि ते उडून जाईपर्यंत भांड्यातली उष्णता 100 अंशांच्या आसपासच घुटमळते. रंग भराभर चढायला साधारण 140 अंश लागतात. मंद आचेवर चाळीस मिनिटं लागतात आणि ती द्यावीच लागतात. हे मी आता कानांनी ओळखते. आधी ओला, दाटीवाटीचा आवाज येतो. मग तो विरळ होतो, तेलाचा बारीक तडतडाट वेगळा ऐकू येऊ लागतो आणि त्याच सुमाराला वास बदलतो. बाहेर चार वाजताच अंधारून येण्याचे दिवस होते. कामावरून आल्यावर ती चाळीस मिनिटं मला दिवसातली सगळ्यात मोलाची वाटायची.

वसंतात आम्ही चौघंजणं डोंगरात गेलो, 1500 मीटर उंचीवरच्या एका वसतिगृहात. सामाईक स्वयंपाकघर होतं, मोठी खिडकी, खाली अजून बर्फ. भात मी लावते म्हणाले. नेहमीच्या वेळेला झाकण उघडलं तर शीत मधोमध कच्चं. या उंचीवर हवेचा दाब कमी असतो, पाणी साधारण 95 अंशांनाच उकळतं. कितीही खळखळलं तरी त्याहून जास्त तापत नाही. शेजारच्या शेगडीवर एक अनोळखी मुलगा अंडी उकडत होता, त्याचंही तेच चाललेलं. मी थोडं गरम पाणी शिंपडलं, झाकणावर जड भांडं ठेवलं आणि त्याला खुणेने सांगितलं, थांब, अजून थोडा वेळ.

आम्ही दोघं त्या दोन शेगड्यांपुढे उभे होतो. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. थोड्या वेळाने त्याने दोन अंडी सोलून मीठ लावलं आणि एक माझ्यापुढे धरलं. भात झाला तेव्हा त्याचंही ताट मांडलं.