माइकमधली घूं-घूं

"दादा, दिवे पूर्ण लावले की सगळं ठीक असतं. जरा मंद केले की ते थरथरतात आणि माइकमध्ये घूंऽऽ असा आवाज येतो. संध्याकाळी रेकॉर्डिंग आहे," ताई फोनवर म्हणाल्या.

ताई पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. खोली लहान, भिंतींवर आणि छतावर आवाज शोषणारी लोकर, छताच्या कडेने फिरवलेली एलईडी स्ट्रिप. दारापाशी गोल बटणाचा डिमर, दिवे मंद करणारा. तो पाहिला आणि दुखणं निम्मं कळलं. तारेच्या बल्बसाठीचा डिमर होता तो.

असा डिमर विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा एक तुकडा छाटतो. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात हे सेकंदाला १०० वेळा होतं. बल्बची तार तेवढ्या वेळात थंड होत नाही, म्हणून डोळ्याला काही जाणवत नाही. स्ट्रिपच्या आधी मात्र ड्रायव्हर बसलेला असतो, मेनची वीज घेऊन २४ व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, देणारा. साध्या ड्रायव्हरला छाटलेली लाट दिली की आतला वीज साठवणारा कपॅसिटर दर वेळी झटक्याने करंट ओढतो. ड्रायव्हर गुणगुणतो, प्रकाश थरथरतो, आणि हे असंच चालू राहिलं तर डिमर किंवा ड्रायव्हर, दोघांतलं एक जातं.

माझ्या हेल्परने बटण शून्यावर फिरवलं, टक् आवाज झाला, स्ट्रिप विझली. तो शिडीवर चढला, लोकर बाजूला केली आणि स्क्रू ड्रायव्हर टर्मिनलकडे नेला.

"थांब! हात मागे घे!"

तो जागीच थिजला. मी त्याला खाली उतरवलं, स्वतः वर गेलो आणि मल्टिमीटरची एक टोचणी टर्मिनलला, दुसरी अर्थिंगला लावली. २३० व्होल्ट. आधीच्या कोणीतरी डिमर फेजऐवजी, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेऐवजी, परतीच्या न्यूट्रलमध्ये जोडला होता. दिवा विझत होता, पण ड्रायव्हरपर्यंत फेज जसाच्या तसा येत होता. जोडणी बरोबर असती तरी मी त्याला थांबवलंच असतं. डिमरचं बटण म्हणजे मेन स्विच नव्हे. मीटरजवळच्या बोर्डातली एमसीबी, म्हणजे त्या लाइनची वीज तोडणारी कळ, पाडायची, टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो पेटतोय ना ते बघायचं, मग टर्मिनलवर लावायचा. हे मी त्याला शंभरदा सांगितलं होतं. त्या दिवशी मल्टिमीटरवरचा आकडा त्याने स्वतः वाचला.

एमसीबी पाडून ड्रायव्हर बाहेर काढला, तर तो हातात धरवेना. ५ मीटरच्या दोन स्ट्रिप, मीटरला १४.४ वॅट, म्हणजे १४४ वॅट लोड, आणि ड्रायव्हर १५० वॅटचा. वरून लोकरीत गुंडाळलेला, वारा कुठून लागणार? शिवाय दोन्ही स्ट्रिप एकापुढे एक जोडल्या होत्या. पहिल्या टोकाला २४ व्होल्ट, शेवटी २०.५. तिकडचा कोपरा मलूल दिसायचा तो त्यामुळेच.

भिंतीवरचा डिमर काढला, तिथे साधा स्विच बसवला, या वेळी फेजमध्ये. नवा ड्रायव्हर २०० वॅटचा घेतला, तो लोकरीबाहेर, हवा खेळेल अशा उघड्या कोनाड्यात ठेवला. नवा डीसीचा डिमर ड्रायव्हरच्या पुढे, २४ व्होल्टच्या बाजूला. १४४ वॅट म्हणजे ६ अँपिअर, म्हणून डिमर १० अँपिअरचा. दोन्ही स्ट्रिपना वेगवेगळी वायर आणि प्रत्येकीला ५ अँपिअरचा फ्यूज. कमी व्होल्टेज म्हणून फ्यूज टाळणारे लोक मी पाहिलेत. मला ते पटत नाही. २४ व्होल्टने झटका बसत नसला तरी शॉर्ट झालेली वायर लोकरीशेजारी तापायला वेळ लागत नाही.

स्ट्रिप लागली. मंद केली, थरथर नाही, ड्रायव्हर गप्प. मी हत्यारं आवरायला घेतली.

"दादा, अजून आहे," ताई हेडफोन लावून म्हणाल्या.

मी ऐकलं. आवाज बारीक होता, पण होता. बटण पूर्ण फिरवलं की नाहीसा, मध्यावर आणलं की परत. म्हणजे हा डिमरचाच. डीसीचा डिमर प्रकाश कमी करतो तो स्ट्रिप भराभर चालू-बंद करून. पूर्ण उजेडात ती सलग चालू राहते. डिमरच्या कागदावर ५०० हर्ट्झ लिहिलं होतं, कानाला सहज ऐकू येणारी पट्टी. आणि मीच स्ट्रिपच्या वायरी माइकच्या केबलला चिकटून खाली आणल्या होत्या. प्लस आणि मायनसमध्ये चांगलं वीतभर अंतरही ठेवलं होतं, त्यामुळे ती चालू-बंद थेट केबलमध्ये शिरत होती.

एमसीबी पुन्हा पाडली. हेल्परने न सांगता टेस्टर आधी सॉकेटवर लावून पाहिला होता. दोन्ही वायरी एकमेकींभोवती पिळल्या, माइकच्या समोरच्या भिंतीने नेल्या, आणि जिथे केबल ओलांडणं भागच होतं तिथे काटकोनात ओलांडली. याला दीड तास गेला.

ताईंनी दिवे तीस टक्क्यांवर आणले आणि रिकाम्या खोलीचं एक मिनिट रेकॉर्ड केलं. आम्ही दोघं दाराबाहेर उभे होतो. त्यांनी ते ऐकलं, पुन्हा ऐकलं, मग हेडफोन काढून आधी हेल्परच्या कानांवर ठेवला.

"काहीच नाही येत," तो म्हणाला.

ताईंनी पुस्तक उघडलं.