वजन घटवताना शुगर-फ्री गोळी आणि काळी कॉफी

वजन कमी करायचे ठरवले की बहुतेक जण सर्वांत आधी साखर बंद करतात, आणि मग चहा-कॉफीचे काय, हा प्रश्न उभा राहतो. साखरेऐवजी शुगर-फ्री गोळी टाका आणि काळी कॉफी प्या, तिने चरबी जळते, हा सल्ला त्यावर हमखास मिळतो. त्यात तथ्य आहे, पण ते आपण समजतो त्यापेक्षा बरेच कमी आहे आणि काही बाबतींत उलट दिशेला आहे, असे माझे मत झाले आहे.

एक ग्रॅम साखरेतून सुमारे ४ कॅलरी मिळतात. ३३० मिलिलिटर कोलामध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. म्हणजे रोज असे पेय पिणाऱ्याने त्याजागी साखरविरहित पेय घेतले, तर दिवसाला सुमारे १४० कॅलरी खरोखरच वाचतात, अर्थात त्या वाचल्या म्हणून दुसरे काही जास्त खाल्ले नाही तरच. चमचाभर साखरेचा एकच कप पिणाऱ्याला मात्र गोळीने जेमतेम वीस कॅलरींचा फायदा होतो. गोळीऐवजी शुगर-फ्रीची पुडी वापरत असाल, तर तिच्या मागचा बारीक मजकूर अवश्य वाचावा. अशा पुड्यांतला सुक्रालोज हा कृत्रिम गोडवा साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असल्याने एका कपाला तो इतका कमी लागतो की पुडी भरण्यासाठी त्यात दुसरे काहीतरी मिसळावे लागते, आणि अनेक पुड्यांवर घटकांच्या यादीत पहिले नाव डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिनचे असते, ज्यांच्यात कॅलरी असतात. एका पुडीत त्या नगण्य असल्या, तरी दिवसभर पुड्या फोडणाऱ्याने त्या शून्य धरू नयेत.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन नियंत्रणासाठी अशा गोडव्यांवर अवलंबून राहू नये, अशी सशर्त शिफारस केली. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही. दीर्घकाळाच्या निरीक्षणांत गोडवे वापरणाऱ्यांचे वजन वाढलेले दिसते, पण वजन वाढू लागलेली माणसेच त्यांच्याकडे वळतात, हेही तितकेच खरे असल्याने दोष गोळीचा की परिस्थितीचा, हे त्यातून ठरत नाही. अस्पार्टेम या दुसऱ्या कृत्रिम गोडव्याने कर्करोग होऊ शकतो, या बातमीने त्याच वर्षी जुलैमध्ये अनेकांना धास्ती वाटली. परंतु त्याच वेळी तज्ज्ञ समितीने शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे दररोज ४० मिलिग्रॅम अस्पार्टेम ही जुनी सुरक्षित मर्यादा कायम ठेवली. फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी मात्र अस्पार्टेम टाळलेच पाहिजे.

कॅफिनबद्दल मला अधिक काळजी वाटते. त्याने चयापचयाचा वेग थोडा वाढतो आणि भूक काही काळ दबते, हे खरे. पण शरीराला सवय झाली की हा परिणाम ओसरतो. उरतो तो झोपेवरचा परिणाम. दिवसभर मेंदूत साचत जाणारे अडेनोसिन हे रसायन आपल्याला झोपेकडे नेते, आणि कॅफिन नेमकी त्याचीच जागा अडवून बसते. रक्तातील कॅफिन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी पाचला घेतलेल्या कॉफीतले निम्मे कॅफिन रात्री दहालाही शरीरात असते. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि गोड-तळलेले खाण्याची इच्छा बळावते. सकाळच्या कॉफीने जळलेल्या मोजक्या कॅलरी संध्याकाळच्या कॉफीने अशा सहज परत येतात, आणि वजनाचा काटा का हलत नाही, याचा शोध आपण ताटातच घेत राहतो.

निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅम कॅफिन सुरक्षित मानले जाते, परंतु वजन घटवणाऱ्याने प्रमाणाइतकेच वेळेकडेही पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. मी स्वतः दुपारच्या जेवणानंतर कॉफी घेत नाही. रोजची सवय एकदम मोडल्यास काही दिवस डोके दुखते, म्हणून संध्याकाळचा कप आधी अर्धा करावा आणि आठवड्याभराने बंद करावा.