खालचा पाइप

गाडी माझ्याकडे आली तेव्हा रेडिएटर नवा, वॉटर पंप नवा, फॅनबेल्ट नवा. थर्मोस्टॅट तर कुणीतरी काढूनच टाकलेला. पंचवीस वर्षांहून जुनी, कार्ब्युरेटरची पेट्रोल गाडी. तीन गॅरेजं फिरून झालेली. गाडीवाले काका म्हणाले, "गर्दीत कितीही वेळ चालवा, काही होत नाही. मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की वीस मिनिटांत तापमानाचा काटा लालवर."

हे एक वाक्य आधीच्या तिघांनी नीट ऐकलं असतं तर काकांचा निम्मा खर्च वाचला असता. उभ्याउभ्या किंवा गर्दीत तापत असेल तर आधी हवेकडे बघायचं: पंखा, जाळीत अडकलेला कचरा. वेगात तापत असेल तर पाण्याकडे. वेगात हवा भरपूर मिळते, पण इंजिनाची उष्णताही तेवढीच वाढते आणि ती वाहून न्यायला पाणी फिरावं लागतं. थर्मोस्टॅट काढून टाकणाऱ्यांचा तर मला मनापासून राग येतो. ८२ अंशांच्या आसपास उघडणारा तो वॉल्व्ह इंजिनाला कामाच्या तापमानावर ठेवतो. तो काढला की इंजिन थंड राहून पेट्रोल जास्त पितं, झिजतं, आणि मूळ दोष होता तिथंच राहतो.

एवढं कळत असूनही मी चुकलो. फेरी मारून आलो तर ओव्हरफ्लोच्या, म्हणजे रेडिएटरचं जास्तीचं पाणी जमतं त्या बाटलीत पाणी उसळत होतं, बुडबुडे येत होते. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, गेलं की सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतो आणि नेमकं असंच दिसतं. मी काकांना सांगूनही टाकलं, हेड खोलावं लागेल.

मग रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी लावली. पाण्यात गॅस असेल तर निळा रंग पिवळा होतो. निळाच राहिला. पुन्हा केलं, निळाच. प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं. चारही सिलिंडर जवळजवळ सारखे. ठिणगीचं टायमिंगही बरोबर. तरी माझं मन हेडवरून हलेना.

खोलण्याआधी शेवटचं म्हणून इंजिन पूर्ण गरम केलं, हाताखालच्या पोराला बाजूनं टॉर्च धरायला लावला आणि ३,५०० आरपीएमवर रेस धरून ठेवली. पोरगा ओरडला, "दादा, खालचा पाइप चपटा झाला!"

रेस सोडली, पाइप गोल. रेस दिली, पुन्हा चपटा. पंप रेडिएटरच्या खालच्या पाइपातून पाणी ओढतो. त्या पाइपाला तेल लागून रबर मऊ पडलं होतं, आतली स्प्रिंग गंजून संपली होती. वेगात पंपाची ओढ वाढली की पाइप मिटायचा आणि पाणी अडायचं. पंप बदलल्यापासून त्रास वाढला, असं काकांनी मला सांगितलं होतं. मी ते मनावरही घेतलं नव्हतं. नवा पंप जास्त जोरानं ओढत होता, आणखी काय!

मग रेडिएटर कॅप टेस्टरवर लावली. वर ०.९ बार दाब लिहिलेला, धरत होती जेमतेम ०.२. रेडिएटर नवा बसवताना जुनीच कॅप लावलेली. ०.९ बार दाब असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि तोच दाब पाइपाला आतून फुगवून धरतो. दाबच नाही म्हटल्यावर पाणी लवकर उकळून बाटलीत येणारच. ते उकळणं मी गॅस्केटचा गॅस समजलो होतो.

पाइप, कॅप बदलले, थर्मोस्टॅट नवा बसवला, पुढची चाकं उंच करून हीटर चालू ठेवून पाण्यात अडकलेली हवा काढली. चाळीस मिनिटं वेगात चालवली. काटा निम्म्याच्या खालीच. काका गाडी घेऊन गेले.

पण मी पाइप आणि कॅप दोन्ही एकदम बदलले. जुन्याच पाइपावर फक्त नवी कॅप लावून एक फेरी मारायला हवी होती, अर्ध्या तासाचं काम. काकांना घाई होती, आणि हेडच्या नादात दोन दिवस घालवल्यामुळे मलाही. संध्याकाळी पोरानं विचारलं, "दादा, नक्की कशामुळे तापत होती? कॅपमुळे की पाइपमुळे?"

मला सांगता आलं नाही.